आधी पूर्वेला, मग मुंबईला

"पडदा सुटला आहे," अकोल्याचे डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. "रेटिनल डिटॅचमेंट." म्हणजे डोळ्याच्या आतला, ज्याच्यामुळे आपल्याला दिसतं तो नाजूक पडदा जागचा निसटतो. माझा उजवा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. राहिला होता तो हा डावा. शाळेत मुलींना शिकवणं, घरी तांदूळ निवडणं, सगळं त्याच्याच भरवशावर.

आठवडाभर डोळ्यापुढे विजा चमकत होत्या, काळे ठिपके तरंगत होते. पित्त समजून मी आलेपाक खात बसले. तुम्हाला असं झालं तर आलेपाकाच्या नादी लागू नका.

ऑपरेशन मुंबईलाच होणार होतं. "मधला भाग अजून शाबूत आहे. तो सुटला तर वाचता यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "आगगाडीत रात्रभर हिसके बसतील. उद्याच नागपूरहून विमानाने जा. तीनेक तासांत मुंबई."

अमरावतीला, राजापेठेत घरी आलो. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पौरोहित्य करत. गल्लीतले प्रवास त्यांच्या शब्दावर ठरत. त्यांनी पंचांग उघडलं.

"उद्या रविवार. पश्चिमेले दिशाशूळ हाय. मुंबईले निघता येनार नाही."

माझे यजमान वकील. कोर्टात बोलावं तसं बोलून पाहिलं, पण मामंजी हलेनात. मला संताप आला. पंचांगाला डोळे नसतात, असं मी मोठ्याने म्हणाले.

थोड्या वेळाने मामंजी खाटेजवळ आले.

"सूनबाई, विमान कोठून उडते म्हनता?"

"नागपूरहून."

"नागपूर तं पूर्वेले." त्यांनी हातातलं पंचांग मिटलं. "मंग जा ना. उंबरा ओलांडताना तोंड कोनीकडे, तेवढंच पाहाचं. वरतं गेल्यावर तुमी अन् तो विमानवाला पाहून घ्या."

अशी आम्ही मुंबईकडे पाठ करून मुंबईला निघालो. मोटारीत उशांवर डोकं ठेवून, अगदी हळू. नागपूर गाठायला सगळी सकाळ गेली.

विमानात कानात कापूस, डोळ्यावर पट्टी. उडून फार वेळ झाला नव्हता, तोच हे म्हणाले, "खाली अमरावतीच असेल." सकाळभर कापलेलं अंतर एवढ्यात मागे पडलं होतं. मामंजी आता जेवायला बसले असतील, असं मनात आलं आणि मला माझ्या बोलण्याचं फार वाईट वाटलं.

ऑपरेशनला डायथर्मी म्हणतात: विजेच्या सुईने डाग देऊन पडदा चिकटवायचा. नंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून मला उताणं निजवलं. डॉक्टर रोज एकच सांगत, "हलू नका. सध्या तुमचं काम एवढंच." हे काम भाकरी थापण्यापेक्षा कठीण आहे, पण जमतं. मलाही जमलं.

पट्टी सुटली तेव्हा आधी नुसता उजेड दिसला. मग नर्सच्या हातातली वाटी. मी रडू लागले तर ती रागावली, डोळ्याला त्रास होईल म्हणून.

घरी जायची परवानगी मिळाली तो सोमवार, नेमका पूर्वेला दिशाशूळ. आम्ही तरीही आगगाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला उतरलो तर पूजेआधी घराबाहेर न पडणारे मामंजी फलाटावर उभे.

"मामंजी, सोमवारी पूर्वेला निघालो," मी भीत भीत म्हणाले.

"घरी येनाऱ्याले कायचा शूळ?" असं म्हणून त्यांनी उपरण्याने डोळे पुसले.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. घाईत लावलेलं त्यांचं गंध जरा तिरपं झालं होतं, आणि ते मला दिसत होतं.