सखारामजींनी सोडलेले दल

आदरणीय सखारामजींना साठावे वर्ष लागले. त्यानिमित्त मी चार शब्द लिहावेत असा मित्रमंडळींचा आग्रह. मी हिंगणीच्या बौद्ध वस्तीतला, प्राथमिक शाळेतला शिक्षक. सखारामजींना प्रथम जवळून पाहिले ते सेलूला, सिनेमाच्या तंबूत. आणि पाहताच मी मागच्या रांगेत सरकलो.

ते तेव्हा आमच्या गावातल्या वरच्या जातीच्या दलाचे म्होरके होते. विहिरीवर पाणी भरले म्हणून याच दलाने माझ्या वडिलांना मारहाण केली होती. त्या दिवशीचा सिनेमा अशाच एका टोळीतून बाहेर पडणाऱ्या माणसाचा होता, आणि दल तो बंद पाडायला आले होते. शिट्टी वाजली की आतल्यांनी उठायचे, बाहेरच्यांनी तंबूचे दोर कापायचे, असे ठरलेले होते, हे मागाहून कळले. शिट्टी वाजली. सखारामजी उठले नाहीत. त्यांचे धाकटे बंधू आत आले.

"काऊन दादा, बसून काऊन राह्यला?"

"मले शेवट पाहू दे," सखारामजी म्हणाले. म्होरक्याच उठला नाही, म्हणून दोर कापले गेले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात भरदुपारी ते आमच्या अंगणात उभे. आईने वडिलांना आत ढकलले. तरी वडील बाहेर आलेच.

"मालक, आता काय राह्यलं मारायचं?"

"काई नाई. चुकलो मी. पाणी मागाले आलो."

सगळ्या वस्तीदेखत ते आमच्या घरचे पाणी प्याले. दलाने त्यांचा हात मोडला, भावांनी चूल वेगळी केली. सखारामजी मागे फिरले नाहीत.

नंतर आमच्या बायका विहिरीवर निघाल्या तेव्हा ते मोडका हात गळ्यात बांधून काठावर उभे राहिले. समोरून लाठ्या आल्या, पुढे धाकटे बंधूच. 

"पयले माह्यावर उचल," सखारामजी म्हणाले.

 बंधू लाठी खाली टाकून निघून गेले. बाकीचे पांगले. आईने बादली विहिरीत सोडली.

गावात आज शांतता आहे, पण धाक सरलेला नाही. सखारामजी बाजाराला गेले की परत येईपर्यंत त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात उभ्या असतात, आणि वस्तीही वाटेकडे डोळे लावून असते. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. इतके दीर्घ, की एखाद्या दिवशी त्यांना परतायला उशीर व्हावा आणि कोणाच्याही काळजात धस्स होऊ नये.