पायाळू मोटार

लोणावळ्यात दवाखाना टाकून मला सहा वर्षं झाली, तेव्हा मी मोटार घेतली. लढाई सुरू व्हायला अजून अवकाश होता. मोटार एका बंगलेवाल्याने वापरून टाकलेली, पण चारी बाजूंनी काचा असलेली बंद गाडी होती. पावसापाण्यात रोग्याला कोरडं आणता येईल अशी. विकणाऱ्याने तिचे गुण तेवढे सांगितले, अवगुण माझे मला शोधायला ठेवले.

ते एकेक कळत गेले. उजवीकडे वळलं की डावं दार आपोआप उघडे. ब्रेक इतक्या सावकाश लागे की म्हैस दिसायच्या आधीच दाबलेला बरा. हँडल मारताना अंगठा चुकीचा पडला तर मनगट गेलंच म्हणून समजा. पण कार्ल्याच्या सपाट रस्त्यावर ती अशी पळे की माझ्यासारखा तापट माणूससुद्धा गुणगुणू लागे.

त्याच भरात मी एक शब्द देऊन बसलो. तिकोणा पेठ गावच्या एक मावशी सुनेला दाखवायला आल्या होत्या. सुनेला आठवा महिना होता. पहिल्या खेपेला ती अडली, तेव्हा बैलगाडीचे धक्के नकोत म्हणून तिला बांबूला झोळी बांधून वाटेतल्या खिंडीतून कामशेतकडे आणत होते. मूल वाटेतच गेलं. हे सगळं मावशींनी सांगितलं. सून खाली बघत होती. शेवटी ती एवढंच बोलली, "काय बी करा, पर मला झोळीत घालू नका."

मी म्हणालो, मोटार घेऊन मीच पेठेला येईन. खिंड मोटारीने कधी चढून पाहिली होती? मुळीच नाही. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

पुढच्याच रविवारी पाहायला गेलो. वडाच्या वळणावर, ऐन चढात, इंजिनाने दोन गचके दिले आणि मान टाकली. मागे सपाटीला आणली तर साळसूदासारखी सुरू. असं तीन रविवार चाललं. प्लग पुसले, नळ्या फुंकल्या, विकणाऱ्याचा उद्धार केला. वाटेवरचे गाडीवान मदतीला धावत. बैलगाडीची रीत त्यांनी मोटारीलाही लावली: ओझं उतरवा, चाकामागे दगड द्या, खांदा लावा. एक जण तर तिला बैलासारखा चुचकारत होता. मी त्यांच्यावरच खेकसलो. खरं म्हणजे मला भीती वाटू लागली होती. त्या पोरीचे दिवस भरत आले होते.

चौथ्या रविवारी पेठेचेच एक म्हातारे आबा बांधावर बसून माझी फजिती बघत होते. ते सावकाश उठून आले.

"डाक्तर, म्हस गोठ्यात शिरंना झाली की आमी तिचं त्वांड फिरवतो अन् उलटी घालतो. हिला बी उलटी घाला."

मला राग आला. मोटार म्हणजे काय म्हैस आहे? पण दुसरा उपायही सुचत नव्हता. तोंड फिरवलं, मान खिडकीबाहेर काढली आणि उलटी घातली. गाडी एकदाही न अडखळता खिंडीच्या माथ्यावर गेली.

वर पोचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. पेट्रोलची टाकी माझ्या बैठकीखाली होती आणि पेट्रोल आपल्या उताराने इंजिनाकडे जाई. गाडीचं तोंड वर झालं की इंजिन उंच आणि टाकी खाली. पाणी कधी चढ चढतं का? चार बुकं शिकून मला जे कळलं नाही, ते आबांना म्हशीने शिकवलं होतं.

मग एका सकाळी पेठेचा निरोप्या पहिल्या आगगाडीने आला. खिंड उलटी चढलो, पलीकडे सुलटा उतरलो, पेठेचा शेवटचा चढ पुन्हा उलटा. मावशींच्या पडवीत बांबू आणि झोळी तयार ठेवलेली दिसली. माझ्या शब्दावर कुणी विसंबलं नव्हतं आणि ते बरोबरच होतं. मूल पायांकडून येत होतं. सुईण अनुभवी होती, तिच्या मदतीने दोन तास झगडलो. मुलगी रडली तेव्हा माझेही डोळे भरून आले.

मावशी बाहेर येऊन मोटारीकडे बघत म्हणाल्या, "पोर पायाळू, अन् ही बी पायाळूच. पाय आधी टाकून आली."

झालं, मोटारीला नाव पडलं. पायाळू माणसाचा पाय पाठीला लागला की उसण उतरते अशी समजूत. आबा लगोलग मागच्या चाकाला पाठ घासून आले आणि बरं वाटतंय म्हणाले. मी डॉक्टर खरा, पण ज्याच्या म्हशीने खिंड चढवली, त्याच्याशी काय वाद घालायचा?

बाराव्या दिवशी बारशाला गेलो. पडवीतला बांबू कोपऱ्यात उभा होता. झोळी घरात आढ्याला बांधली होती आणि तिच्यात पोर झोपली होती. सुनेच्या हातात दोरी होती. मला पाहून ती पहिल्यांदाच हसली.

"डाक्तर," ती म्हणाली, "आता झोळी चालंल."