जीबीएसचे दिवस आणि माझी एक जुनी प्रार्थना

डॉक्टरांनी लहानशी रबरी हातोडी मालकांच्या उजव्या गुडघ्याखाली मारली. पाय हलला नाही. डाव्या गुडघ्याखाली मारली. तोही हलला नाही. मग कोपर, मनगट, घोटा, सगळीकडे मारून बघितलं आणि हातोडी टेबलावर ठेवून ते माझ्याकडे वळले.

"जीबीएस वाटतोय," ते म्हणाले. "गुलियन-बारे सिंड्रोम. रोगाशी लढणारी आपली जी ताकद असते ती चुकून आपल्याच नसांवर तुटून पडते. पायापासून सुरू होतं आणि वर चढतं."

"कुठवर चढतं?"

"ते आज सांगता येणार नाही. छातीपर्यंत आलं तर श्वास अडकतो. म्हणून घरी नेऊ नका."

हे लातूरला घडलं, दुपारी बाराच्या सुमारास. सकाळी जळकोटहून निघताना मालक माझ्या खांद्याला धरून स्वतः जीपमध्ये चढले होते. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येताना त्यांना व्हीलचेअर लागली.

मी शोभा. जळकोटजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझे मालक दिलीप जळकोटात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतात. विहिरीवरची जळालेली मोटार खोलायची, जुनी तांब्याची तार काढून नवी भरायची, हे त्यांचं काम. आजार पहिल्यांदा तिथंच कळला. एका सोमवारी घरी येऊन म्हणाले, "तार ताणून धरता येईना. पायालाबी मुंग्या येऊन राहिल्या." मी म्हटलं, उकिडवं बसून झालं असेल. मंगळवारी पायातली चप्पल निसटून मागं राहिली, त्यांना कळलंच नाही. बुधवारी मोरीतून उठताना भिंत धरावी लागली. गुरुवारी आम्ही लातूर गाठलं.

त्याच्या दोन आठवडे आधी त्यांना जुलाब झाले होते आणि आपोआप थांबलेही होते. डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं. पोटाच्या अशा साध्या दुखण्यानंतरही जीबीएस होऊ शकतो. म्हणून हे वाचणाऱ्यांना आधीच सांगते. दोन्ही पायांना मुंग्या आल्या आणि दिवसागणिक ताकद कमी होत गेली, तर तेल चोळत घरी बसू नका. आमचे तीन दिवस तेल चोळण्यात गेले.

लातूरच्या त्या दवाखान्यात व्हेंटिलेटरचा, म्हणजे श्वास देणाऱ्या यंत्राचा, बेड रिकामा नव्हता. डॉक्टरांनीच फोन करून नांदेडला सोय केली. नांदेडजवळ विष्णुपुरीला माझी थोरली बहीण मंगल राहते. भावजी तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिपाई आहेत. अँब्युलन्समधून मी आक्काला फोन केला. ती माझ्या मालकांशी सहा वर्षं बोलत नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ये. दवाखान्याच्या दारात थांबते मी."

नांदेडला दोन तपासण्या झाल्या. एनसीव्हीमध्ये हातापायांना बारीक करंट देऊन तो नसांमधून किती वेगानं जातो ते बघतात. मालक तपासणाऱ्या माणसाला म्हणाले, "वायरिंगच जळालंय म्हणा की." तो हसला. मग लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या मणक्यातून सुईनं पाणी काढून तपासतात. रुग्णाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावतात. मालकांना स्वतःचे गुडघे घेता येईनात. दोन सिस्टरांनी ते धरले.

औषध आयव्हीआयजीचं. निरोगी माणसांच्या रक्तातून काढलेले घटक सलाईनसारखे पाच दिवस शिरेतून देतात. माझी समजूत अशी की औषध सुरू झालं म्हणजे आजार थांबला. तसं नसतं. औषध चालू असतानाही तो वर चढत राहिला.

तो कुठवर आला हे कळायला एक साधी रीत होती. डॉक्टर सांगायचे, "मोठा श्वास घ्या आणि एका श्वासात जमतील तेवढे आकडे मोजा." पहिल्या सकाळी मालकांनी बत्तीसपर्यंत मोजलं. संध्याकाळी चोवीस. दुसऱ्या सकाळी सतरा. मी आयसीयूच्या काचेबाहेर उभी राहून त्यांचे ओठ बघायची आणि माझ्याच तोंडात आकडे यायचे. सतरानंतर ओठ थांबले तेव्हा मला वाटलं, विसरले असतील, अजून म्हणतील.

तिसऱ्या दिवशी नऊ.

"आता थांबण्यात अर्थ नाही," डॉक्टर म्हणाले. "दम पूर्ण तुटायच्या आत नळी टाकू. सही करा."

मी सही केली. अक्षर कुणाचं तरी दुसऱ्याचंच वाटलं. नळी टाकली की बोलता येत नाही. आधी आत जाऊन भेटून घ्या, डॉक्टर म्हणाले. मी गेले तर मालकांनी फक्त विचारलं, "एस्तेरची परीक्षा कवा हाय?" एस्तेर आमची मुलगी, तेव्हा दहावीला होती. मी म्हटलं, "पुढल्या सोमवारपासून." त्यावर त्यांनी मान हलवायचा प्रयत्न केला, ती हलली नाही.

आता जे सांगते ते आजाराच्या गोष्टीत कशाला, असं वाटेल. पण त्याशिवाय माझी भीती कुणाला कळणार नाही.

माझे मालक पूर्वी प्यायचे. प्यायले की मारायचे. सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांनी माझा डावा हात पिरगाळला आणि मनगट मोडलं. प्लॅस्टर घालून घरी आल्यावर मी चुलीपुढं बसून प्रार्थना केली. मी लहानपणापासून ख्रिस्ती नव्हते. आमचं माहेर बौद्ध. लग्नानंतर एका मैत्रिणीबरोबर चर्चला जायला लागले आणि तिथं मला उभं राहायला जागा मिळाली. प्रार्थना कशी करायची ते तिथंच शिकले होते. त्या दिवशी मी म्हटलं, "प्रभू, या माणसाचे हात बंद कर. पुन्हा कुणावर उचलता येऊ नयेत असे कर."

वर्षभरात मालकांनी दारू सोडली. उदगीरच्या एका प्रार्थनासभेला गेले आणि बदलून आले. बाप्तिस्मा घेतला. तेव्हापासून त्यांनी मला बोटही लावलं नाही, हे खरं आहे. चर्चमध्ये उभे राहून ते साक्ष द्यायचे, "मी पापी होतो, बायकोला मारायचो, प्रभूनं मला उचललं." लोक डोळे पुसायचे. मी बायकांच्या रांगेत बसून ऐकायची. सगळ्या मंडळींना त्यांनी सांगितलं, पण घरी, माझ्याकडं बघून, एकदाही काही म्हणाले नाहीत. मी वाट बघत राहिले. मी वरवर क्षमा केली होती. चर्चमध्ये प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही दुसऱ्यांना क्षमा करतो, ही ओळ आली की मात्र मी ती गाळायचे.

आणि आता त्यांचे हात पलंगावर पडले होते. बोट उचलता येत नव्हतं. मी मागितलं होतं तसंच.

हे मी कुणाला सांगणार? काचेबाहेरच्या बाकावर मी बसून राहायचे आणि आतल्या यंत्राचा आवाज बदलला की दचकून उभी राहायचे. दार उघडलं की वाटायचं, मलाच हाक मारताहेत. जेवण जाईना. आक्का रोज डबा आणायची. चौथ्या दिवशी तिनं भाकरी मोडून हातात दिली आणि म्हणाली, "त्यानं तुझा हात मोडला तवा मीच तुला आंघोळ घालत होते. आता तू त्याच्यासाठी उपाशी मरून राहिलीस. तुझा देव हेच शिकवतो व्हय?"

मग मी तिला सगळं सांगितलं. तिला धक्का बसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "मी तर रोज मागितलं असतं. मला देव न्हाई म्हणून र्‍हायलं."

डॉक्टरांनाही मी आडून विचारलं. "साहेब, कुणी वाईट चिंतलं तर असं होतं का?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "बाई, जंतूमुळं जुलाब झाले, त्या जंतूशी लढता लढता शरीर चुकलं. एवढंच आहे. कुणाच्या बोलण्यानं नसा जळत नाहीत."

डोक्याला पटलं. पोटातली भीती जाईना. शेवटी मी आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नीला फोन केला. आम्ही त्यांना काकू म्हणतो. जिन्यात उभी राहून रडत रडत सांगितलं. काकू म्हणाल्या, "शोभा, तुझ्या रागाची हुकुमत देवावर चालते का? तू रागात काही मागावं आणि त्यानं सहा वर्षांनी आणून द्यावं, असा देव असता तर मीच त्याच्यापुढं गुडघे टेकले नसते. त्या दिवशी तुझं मनगट दुखत होतं, तेवढं त्यानं ऐकलं."

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी मी मालकांच्या कानाशी वाकले आणि ती प्रार्थना त्यांना सांगितली. शब्द न शब्द. जीबीएसमध्ये माणूस शुद्धीवर असतो, ऐकतो, त्याला सगळं कळतं, हे ध्यानात ठेवा. त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. मी सिस्टरांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "पापण्या पूर्ण मिटत नाहीत ना, म्हणून पाणी येतं. मलम लावते." ते पाणी कशाचं होतं हे मला आजही माहीत नाही.

अकराव्या दिवशी ट्रॅकिऑस्टॉमी केली. म्हणजे तोंडातली नळी काढून गळ्याला छिद्र पाडून तिथून श्वास देतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण रुग्णाला बरं पडतं. हातपाय अजून तसेच होते. डोळ्यांची बुबुळं तेवढी हलत. डोळे वर केले की हो, खाली केले की नाही, असं सिस्टरांनी ठरवून दिलं होतं. मला अंगणवाडीची सवय. मी एस्तेरकडून मुळाक्षरांचा तक्ता मागवला. एकेका अक्षरावर बोट ठेवायचं. हवं ते अक्षर आलं की मालक डोळे वर करणार.

पहिल्या दिवशी बराच वेळ गेला. 'म' आला. मग काना. "मा?" मी विचारलं. डोळे वर गेले.

मला पुढचं अक्षर माहीत होतं. सहा वर्षं मी त्या एका शब्दासाठी कान लावून बसले होते. मी सरळ 'फ'वर बोट ठेवलं.

डोळे खाली गेले. नाही.

परत ठेवलं. परत खाली. मग मी मुकाट्यानं एकेक अक्षर घेत गेले. 'श'ला डोळे वर गेले. मग दुसरी वेलांटी.

माशी.

त्यांच्या कपाळावर माशी बसली होती. दाराच्या उघडझापीत कधी आत आली कुणास ठाऊक. किती वेळ ती त्यांच्या कपाळावर फिरत होती आणि त्यांना हाकलता येत नव्हती. मी तक्त्यानं तिला हाकललं. मालकांनी डोळे वर केले, बराच वेळ वरच ठेवले.

मी बाहेर आले आणि बाकावर बसून हसायला लागले. आक्का घाबरली. मग रडायलाही लागले. "काय झालं?" ती विचारत राहिली. मी काय सांगणार होते? की त्या माणसाला माझ्याकडून एवढंच हवं होतं आणि मी त्याच्या कपाळावर सहा वर्षांचा हिशेब वाचत होते? मी तिथंच बसून म्हटलं, "प्रभू, तो शब्द मला नको. ते सगळं तू ठेवून घे. मला उद्याचा दिवस निभावून ने." त्यानंतर भीती गेली असं नाही. यंत्राचा आवाज बदलला की मी तेव्हाही दचकायचे. पण दचकले की पूर्वीसारखी मागं, त्या चुलीपुढं जाऊन पडत नव्हते.

मग दिवस हळूहळू फिरले. आधी खांदे हलले. मग मान. यंत्र दिवसातून थोडा वेळ बंद ठेवायचे, मग जास्त वेळ. त्याला वीनिंग म्हणतात, श्वासाची सवय परत लावणं. नळी निघाल्यावर पहिल्यांदा आवाज आला तो घोगरा. आक्का समोर होती. मालक तिला म्हणाले, "आक्का, तुमच्या भाकरीचं नाव लई दिवस ऐकून राहिलो. आता द्या." आक्कानं तोंड फिरवलं, पण दुसऱ्या दिवशी दुधात कुस्करून आणली आणि चमच्यानं स्वतः भरवली.

सात आठवड्यांनी आम्ही घरी आलो. पुढं फिजिओथेरपी, म्हणजे नसांना आणि स्नायूंना पुन्हा कामाला लावणारे व्यायाम, रोज दोन वेळा. कंटाळा येतो, दोघांनाही. पण तोच खरा उपाय आहे, सोडू नका. आता मालक वॉकरशिवाय चालतात. उजवा पाय ओढतात. बारीक तार अजून जमत नाही, जाडी जमते. तो शब्द त्यांनी अजून म्हटलेला नाही. कधी म्हणतील, कधी म्हणणार नाहीत. माझं त्यावाचून अडत नाही आता.

मागच्या आठवड्यात उमरीच्या एका बाईचा नांदेडच्या दवाखान्यातून फोन आला. तिथल्या सिस्टरांनी माझा नंबर दिला होता. तिच्या मुलाला जीबीएस झालाय, पदवीला शिकतो. "ताई, सकाळी वीसपर्यंत मोजलं त्यानं, आता चौदा," ती म्हणाली. "बरा होईल ना?"

होईल असं म्हणायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, "बाई, ते मला माहीत नाही. पुष्कळ लोक होतात, डॉक्टर सांगतील ते करा. तुम्ही जेवलात का?"

"न्हाई."

"आधी जेवून घ्या."

ती हळू आवाजात म्हणाली, "मी त्याला लई रागवले होते, ताई. आजारी पडायच्या आदल्या दिवशीच."

मी अंगणवाडीची रजा टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं नांदेडला निघाले.