अँटिमनी, बिस्मथ आणि उस्मानपुऱ्याचा माळा

रसायनं आणि काचसामान विकण्यात माझा जन्म गेला. बाटलीतलं ईथर बुचातूनसुद्धा उडून जातं, पण प्रयोगशाळेत ऐकलेला किस्सा? घट्ट साचून राहतो बघा!

माझं दुकान उस्मानपुऱ्यात. पडेगाव रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेला मी माल द्यायचो. तिथले पाठकसर क्रोमियम, निकेल अशा धातूंना अँटिमनी आणि बिस्मथची संयुगं जोडायचे. अशा जोडीदाराला म्हणायचं लिगँड. मी मॅट्रिक नापास; म्हटलं, "सर, सोपं करून सांगा."

"फॉस्फरस धातूला घट्ट धरतो. अँटिमनी जरा सैल. बिस्मथ तर धरतच नाही म्हणा!"

"म्हणजे फॉस्फरस रोजचं गिऱ्हाईक, अँटिमनी सणासुदीचं, अन् बिस्मथ नुसता भाव विचारून जाणारा!"

दुसऱ्या दिवशी सरांनी हे वर्गात फळ्यावर लिहिलं. खाली माझं नाव!

*

खुलताबादचे हमीदचाचा डोळ्यांत घालायचा सुरमा विकायचे; तोही मूळचा अँटिमनीचाच. रिकाम्या शिश्या घ्यायला ते माझ्याकडं येत. एकदा त्यांना अँटिमनीची बाटली दिसली.

"अरे सेठ, ये तो सुरमे का भाई! तुम्हारे साब आँख में डालते क्या?"

"नई चाचा, निकेल को लगाते."

चाचा गंभीर झाले. "फिर निकेल को साफ दिखता क्या?"

*

बिस्मथ धातू भलता जड. आमच्या बाबूराव हमालानं एका हातानं खोकं उचलायला घेतलं अन् मटकन खालीच बसला.

"शेठ, एवढुसं खोकं अन् वजन जावयाचं व्हय!"

*

सरांची विद्यार्थिनी सुरेखा. तिची पीएच.डी. बिस्मथपाशी अडली होती. बिस्मथनं क्रोमियमला खरंच धरलंय, हे दाखवायला चांगला स्फटिक हवा. तीन वर्षं झाली, हाती नुसती भुकटी! संयुगाला उजेड सोसेना, रस्त्यावरचे ट्रक इमारत हलवत, आणि ही बाई तासातासाला टॉर्च मारून बघणार.

सर वैतागले. "अगं, दर मिनिटाला झाकण काढलं तर भात शिजंल का?"

मी म्हटलं, "सुरेखाताई, माझा माळा अंधारा हाय. तिथं उंदीरसुद्धा हलत नाय."

तिनं माळ्यावरच नळीत द्रावण भरलं, त्यावर हलक्या हातानं दुसरा द्रव सोडला, बूच लावून काळा कागद गुंडाळला. मी कुलूप घातलं. रोज ती दारात हजर.

"काका, एकदाच बघू द्या ना!"

"नाय!"

तीन आठवड्यांनी कागद सोडला. नळीत सुयांसारखे पिवळेधमक स्फटिक! सुरेखा अशी किंचाळली की गिऱ्हाईक पिशवी टाकून पळालं. क्ष-किरणांनी तपासलं, बिस्मथनं क्रोमियमला धरलेलंच होतं!

तोंडी परीक्षेला मी मागच्या बाकावर बसलो. पुण्याहून आलेले परीक्षक लई कडक.

"हे स्फटिक कोणत्या उपकरणात वाढवले?"

"काकांच्या माळ्यावर, सर."

"तापमान किती होतं?"

"माहीत नाही सर. काकांनी कुलूप उघडलंच नाही."

पाठकसरांनी डोळे मिटले. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग थेट माझ्याकडं वळून म्हणाले,

"तिथं अजून एक नळी मावेल का हो?"