दरीपलीकडचं बोलणं

या धाग्यावरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. एखादा विद्यार्थी भूत पाहिल्याचं सांगायला लागला की मी विचारायचो, "सस्तन होतं की सरपटणारं?" आणि आज मीच इथे टाइप करत बसलोय... हसायचं तर हसा. फक्त शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

आधी माझ्या कानांबद्दल सांगायला हवं. साठी उलटली तसे ते गेले. एकदम नाही, हळूहळू. आधी रातकिडे गेले, मग बारीक आवाजाचे पक्षी, मग नातवाचं बोलणं. आता कानाचं मशीन लावल्याशिवाय समोरच्याच्या ओठांकडे बघूनच अंदाज बांधावा लागतो. यात लपवण्यासारखं काही नाही, घरात त्यावर भरपूर विनोद होतात आणि त्यांतले बरेच मीच करतो. पण पक्ष्यांच्या कामात कान म्हणजे निम्मं काम. त्यामुळे मृणालनं – ही माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः संशोधक – गेल्या हिवाळ्यात "सर, जव्हार-मोखाड्याच्या सर्व्हेला चला" म्हटलं, तेव्हा मी तिला स्पष्ट विचारलं, "मी येऊन काय करू?"

"लोकांशी गप्पा मारा," ती म्हणाली. "आधी कुठे कुठे दिसायचा, आता कुठे दिसत नाही, ते विचारा. तुमच्याशी लोक बोलतात."

दिसायचा म्हणजे रानपिंगळा. आपल्या गावातल्या वडा-पिंपळावर असतो तो साधा पिंगळा नव्हे, त्याचा रानातला भाऊबंद. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, अंगानं ठेंगणा, आणि घुबडांच्या जातीत असूनही भर उन्हात उघड्या फांदीवर बसणारा. एके काळी तो संपलाच असं सगळे धरून चालले होते. मग पुन्हा सापडला, पण थोड्याच जागी. जुनी, पोकळ झाडं गेली की त्याचं घर गेलं. मृणालला बघायचं होतं ते हेच – या डोंगरांत तो अजून कुठे टिकून आहे.

आमचा मुक्काम सूर्यमाळला काशिनाथच्या घरी होता. काशिनाथ शेतकरी, चाळिशीतला, सर्व्हेत आमच्या बरोबर फिरायचा. त्याच्या घरी नागलीची भाकर आणि उडदाची आमटी, अंगणात कोवळं ऊन. मला तर सुटीवर आल्यासारखं वाटत होतं. मृणाल मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. रोज पहाटे निघायचं, ठरलेल्या जागी थांबायचं, स्पीकरवर पक्ष्याची हाक लावायची आणि उत्तराची वाट बघायची. उत्तर कुठूनच येत नव्हतं. शेवटची एकच सकाळ उरली होती, तिच्या दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघणार होतो, आणि तिच्या नकाशावर हा सगळा पट्टा 'नाही' म्हणून जाणार होता. एकदा 'नाही' लिहिलं की त्या जंगलाकडे पुढे कोण बघतं?

त्या सकाळी माझं मशीन काशिनाथच्या घरीच राहिलं होतं. रात्रीच्या दवात ओलसर झालं म्हणून सुकवायच्या डबीत ठेवलं होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण 'मशीननं कुठलातरी सिग्नल पकडला असेल' हे पहिलं स्पष्टीकरण माझ्याही डोक्यात आलं होतं.

आम्ही पठाराच्या कडेला होतो. ऊन चांगलं वर आलेलं. समोर दरी, दरीपलीकडे दुसरा डोंगर, त्याच्या उतारावर दोन-चार कौलारू घरं नखाएवढी दिसत होती. सरळ रेषेत दोन-अडीच किलोमीटर तरी अंतर असेल. मृणालची हाक लावून झाली होती, तिनं स्पीकर बंद केला होता, शेजारी रेकॉर्डर चालू होता. मी एका खडकावर बसून मांडीवर दुर्बीण पुसत होतो.

आणि मला पक्षी ऐकू आला.

कसं सांगू... मला स्पीकरसुद्धा ऐकू आला नव्हता हो. मृणालनं बोट वर केलं तेव्हाच हाक संपल्याचं कळलं होतं. आणि हा आवाज असा स्वच्छ, जणू पक्षी माझ्या खांद्यावर बसलाय. गोल, मऊ, शेवटी किंचित चढणारा. वर्षानुवर्षं मी कुठलाही पक्षी असा ऐकला नव्हता. पटकन डोळ्यांत पाणीच आलं.

मग त्याच्या पाठोपाठ बाईचा आवाज. म्हातारा, थोडा घोगरा.

"बस, बस. तुला कोन काय करीत नाय. मी हाय ना."

मग पुरुषाचा – "आये, बाजूला हो. लागंल तुला."

आणि ठक्. लाकडावर कुऱ्हाड.

मी ताडकन उठून मागे वळलो. "मागे कोण आहे?"

मागे गवत होतं, आणि आपली पाठपिशवी घेऊन उभा असलेला काशिनाथ. तो आणि मृणाल दोघंही माझ्याकडे बघत राहिले. आणखी एकदा ठक् झालं, आणि मग सगळं बंद. कानात पुन्हा कापूस भरल्यासारखं.

मृणाल जवळ आली, तोंड माझ्यासमोर धरून मोठ्यानं बोलली, "काय झालं सर?"

"ऐकलंस तू?"

"नाही. काय?"

मी हात वर केला, तर तो आपोआप समोरच्या डोंगराकडे गेला. आवाज कुठून आला ते मी ठरवलं नाही, ते मला माहीतच होतं. "तिकडे. त्या घरांपाशी. रानपिंगळा आहे... आणि तो बसलाय ते झाड कुणीतरी तोडतंय. एक म्हातारी आडवी उभी आहे."

"सर, तुमचं मशीन तर घरी आहे."

"ठाऊक आहे मला."

तिनं दुर्बीण लावली. एवढ्या लांबून झाडांचा पुंजका आणि कौलं, याहून जास्त काही दिसत नव्हतं. त्या सकाळी अजून एक ठरलेली जागा करायची बाकी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि काशिनाथला विचारलं, "तिकडे जायला वाट आहे?"

"वाटेनं उतरलो तर सरांचं गुडघं ऱ्हातील दरीत," काशिनाथ म्हणाला. "गाडीनं वळसा घालू."

नंतर मी मृणालला विचारलं होतं, का निघालीस? ती म्हणाली, "तुमचा चेहरा बघून. खोटं वाटावं असा नव्हता तो."

वळसा बराच लांबचा निघाला. कच्चा रस्ता, मग ओढा, मग चढ. गाडीत मशीन नसल्यानं ती दोघं काय बोलत होती ते मला कळत नव्हतं, आणि बरंच झालं. माझी मला लाज वाटायला लागली होती. भास झाला असेल... या वयात होतो. पोरीची सकाळ फुकट घालवली.

पाड्याचं नाव मी देणार नाही. दिलं तर पुढच्या रविवारी कॅमेरेवाल्यांच्या गाड्या तिथे लागतील.

शेवटच्या घरामागे ऐनाचं मोठं झाड होतं, एका बाजूनं वाळलेलं. बुंध्यात कुऱ्हाडीची ताजी खाच. आणि त्या खाचेलाच पाठ लावून एक म्हातारी पाय पसरून बसली होती. समोर तिचा मुलगा, कुऱ्हाड बाजूला टाकून उकिडवा बसलेला, रागानं आणि कंटाळ्यानं लाल झालेला. ओसरीत त्याची बायको उभी होती, दिवस भरत आलेली.

मृणालनं माझ्या दंडाला इतक्या जोरात धरलं की नंतर वळ उठले. ती वर बघत होती. वाळक्या फांदीवर, भर उन्हात, ठिपके नसलेल्या डोक्याचा तो ठेंगू बसला होता. शेपटी झटकत होता. खाली एवढा तमाशा चाललाय, त्याला काही पडलेली नव्हती.

ती फोटो काढायला लागली. मी म्हातारीसमोर बसलो. काशिनाथ माझ्या कानाशी लागून तिचं बोलणं मोठ्यानं सांगत होता. नाव सोमीबाई, मुलगा हिरामण. मी विचारलं, "आजी, सकाळी तुम्ही या पाखराला काही म्हणालात? – बस, बस. तुला कोण काय करत नाही. मी आहे ना. – असं?"

तिनं हसतच मान डोलावली, म्हणजे त्यात काय एवढं? पण हिरामणचं तोंड उतरलं.

"आनि मी काय बोललो?"

"आये, बाजूला हो. लागेल तुला."

"तुमाला कोनी सांगला?"

काशिनाथनं हात लांब करून दरीपलीकडची कड दाखवली. "सर तिथं होतं. तिथं आयकला त्यांनी."

हिरामणनं वळून त्या कडेकडे बघितलं. मग हळूहळू बोलायला लागला. वाईट माणूस नव्हता तो. मोलमजुरीसाठी नवरा-बायको भिवंडीकडे जायची, या खेपेला बाळंतपणासाठी घरी थांबलेली. आणि हे पाखरू दिवसाढवळ्या घरामागे ओरडायचं. चार लोक म्हणाले, पिंगळा घराजवळ बोलतोय, बाई अवघडलेली, बरं नाही. आधीचं एक मूल त्यांचं गेलं होतं. त्याच्या जागी मी असतो तर? शास्त्र शिकलो नसतो तर मीही कुऱ्हाड उचलली असती.

"आजी, तुम्हाला नाही भीती वाटत?" मृणालनं विचारलं.

"कसाची भीती?" सोमीबाई म्हणाली. "ही समदी कामाला गेली का मी एकली. मंग दिसभर बोलाया हाच ऱ्हातो."

मृणाल पक्ष्याबद्दल समजवायला लागली. तो दुर्मीळ आहे, ढोलीत त्याची अंडी असतील... हिरामण ऐकत होता, पण त्याचं लक्ष माझ्याकडे होतं. शेवटी त्यानं कुऱ्हाड उचलली, घरात नेऊन ठेवली आणि बाहेर येऊन म्हणाला, "नाय तोडीत. एवढ्या लांबून आयचा बोलना पोचला, तर मी कोन मधी येनारा?"

यावर सोमीबाई जे म्हणाली ते काशिनाथनं मला हसत हसत दोनदा ओरडून सांगितलं. "ह्याला माझा बोलना हातभरावरून आयकू येत नाय. आन ह्या भयऱ्याला डोंगरावरून आला!"

सगळे हसले. हिरामणसुद्धा. त्याच्या बायकोनं आम्हाला काळा चहा दिला.

सूर्यमाळला परतल्यावर मृणालनं सकाळचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं, पुन्हा पुन्हा ऐकलं. वारा आहे, गवत आहे, आणि मग माझा आवाज – "मागे कोण आहे?" त्याआधी काहीच नाही. माझ्या घरी परत आल्यावर मी कान तपासून घेतले. होते तसेच आहेत, किंचित वाईट. डॉक्टरांना सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, मेंदू कधी कधी जुने आवाज वाजवतो. असेल. पण सोमीबाईला मी त्याआधी कधी भेटलो नव्हतो, मग तिचं बोलणं माझ्या मेंदूत जुनं कसं? तिचंच बोलणं का, माझ्यापर्यंतच का, तेवढा वेळच का? प्राण्या-पक्ष्यांचा आवाज किती लांब जातो याचे नियम मी वर्गात शिकवलेले आहेत. ते अजूनही बरोबरच आहेत. आणि मी ऐकलं, हेही खरंच आहे. या दोन गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी ठेवून जगता येतं, असं आता कळलंय.

शिमग्याच्या सुमारास मी आणि मृणाल पुन्हा गेलो. ऐनाच्या खाचेवर डिंक धरला होता. ढोलीच्या तोंडाशी दोन पिल्लं बसली होती, झोपाळलेल्या डोळ्यांची. ओसरीत झोळी बांधलेली, झोळीत हिरामणची मुलगी. बाळबाळंतीण सुखरूप.

मशीन लावूनही मला त्या पाखराचा आवाज येत नव्हता. नुसता गळा हलताना दिसत होता. सोमीबाईच्या ते लक्षात आलं.

"आयकू येतो का रं आज?" तिनं खुणेनं विचारलं.

मी 'नाही' म्हणून मान हलवली.

ती उठली, दोन्ही हातांचा द्रोण माझ्या कानाला लावला आणि त्या पाखराची हाक स्वतःच्या तोंडानं काढली, एवढ्या मोठ्यानं की झोळीतली पोर दचकून रडायला लागली.