मी व्हेजिटेरियन आहे

फ्रिस्कोमधल्या त्या फिलिपिनो रेस्टॉरंटात टेबल मिळायला महिनाभर थांबावं लागतं म्हणे. लेकीनं फोनवर तीनदा बजावलं, "आई, प्लीज, या वेळी कॅन्सल करू नकोस." जसं काही मला दुसरा उद्योगच नाही! पण तिचं चुकत नव्हतं. आधी दोनदा मी पाठदुखीचं निमित्त सांगून टाळलं होतं. लेकीनं निवडलेल्या मुलाच्या आईला भेटायचं म्हणजे हे लग्न होणार हे कबूल करायचं, आणि मला ते कबूल करायचं नव्हतं. मुलात खोट काढायला जागा नाही. इथेच जन्मलेला, फिजिओथेरपिस्ट, मला वाकून नमस्कारसुद्धा करतो. पण फिलिपिनो, आपला नाही. हे तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून पाठ दुखायची.

नवरा जाऊन चार वर्षं झाली आणि लेक एकुलती एक. गाडीत ती म्हणाली, "आय डोंट नीड एनिथिंग एल्स, आई. तुम्ही दोघी एकदा नीट एकत्र जेवा. दॅट्स इट." मग थोडं थांबून म्हणाली, त्यांच्या घरात नव्या माणसाला मोठी बाई स्वतःच्या हातानं घास भरवते, मग तो माणूस घरचा. मी नुसतं हं केलं.

आत शिरलो तर काय, संगीताचा असा दणदणाट की शेजारचं बोलणं ऐकू येईना. भिंती मुद्दाम गिलावा न केल्यासारख्या, छताला वेताच्या टोपल्या उलट्या टांगलेल्या. टेबलभर केळीची पानं अंथरलेली. ताट नाही, चमचा नाही. एक वेट्रेस आली आणि मला, अहो मला, विचारते, "हातानं जेवायचा तुमचा पहिलाच अनुभव का?" आणि बोटं कशी धरायची ते हवेत करून दाखवायला लागली. अगं बये! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तिडीक तिच्यावर नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. लेक दुसरीत असताना एकदा शाळेतून रडत आली होती. डब्यातला वरणभात हातानं खाल्ला म्हणून पोरींनी 'ईऽऽ' केलं होतं. शाळेत जाऊन भांडायचं सोडून मी काय करावं? घरातलं हातानं जेवणं बंद केलं. बोटं भाताला लागली की मनगटावर फटका. सहा महिन्यांत पोर आमटीभातसुद्धा काट्याचमच्यानं खायला लागली आणि मी ते भिशीतल्या बायकांना कौतुकानं सांगत सुटले. मूर्ख बाई! आणि आता त्याच हातानं जेवायला इथे लोक महिनाभर आधी नंबर लावतात.

मुलाची आई त्याच्याबरोबर आमच्या आधीच येऊन बसली होती. ह्युस्टनहून चार तास एकटीनं गाडी चालवत आलेली. पोस्टात नोकरी करून रिटायर झालेली, ठेंगणी, हसरी, माझ्यासारखीच विधवा. लेक त्यांना 'तिता' म्हणते, आपण मावशी म्हणतो तसं. पानावर मधोमध लसणीच्या भाताची लांबच लांब रास आली, तिच्या दोन्ही बाजूंना भाजलेले मासे, कोळंबी, चवळीच्या शेंगा, वांगी, खारवलेली अंडी, आंब्याच्या फोडी. सगळ्यांनी त्यातूनच ओढून खायचं.

लेकीच्या बोटांतून भात सांडत होता. अठ्ठावीस वर्षांची घोडी, पण घास जमेना. तितांनी तिचा हात हातात घेतला, चार बोटांनी भात कसा गोळा करायचा, अंगठ्यानं कसा पुढे सारायचा ते दाखवलं. तिसऱ्या खेपेला जमलं तशी लेक खुदकन हसली. मी समोर बसून जळत होते. ते शिकवणं माझं काम होतं.

मग तितांनी मासा आणि भात एकत्र कालवून मुलाला घास भरवला. दुसरा माझ्या लेकीला. तिनं डोळे मिटून आ केला. तिसरा केला आणि टेबलावरून वाकून हात माझ्या तोंडापाशी आणला.

तोच हात. दोघांच्या ओठांना लागलेला. उष्टा! माझं अख्खं माहेर माझ्या अंगात उभं राहिलं. मान आपोआप मागे गेली आणि मी म्हणाले, "नो, नो. आय अ‍ॅम व्हेजिटेरियन."

तितांचा चेहरा खर्रकन उतरला. पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होत्या. मुलानं त्यांना सांगितलं होतं की मला मासे फार आवडतात, मटण-पोर्क चालत नाही. म्हणून त्यांनी आठवडाभर आधी फोन करून सगळं पान नुसत्या माशांचं करायला लावलं होतं. माझ्यासाठी. त्यांनी मुलाला त्यांच्या भाषेत रागावून घेतलं, त्याचा काडीचा दोष नसताना. तो मुकाट्यानं ऐकत होता, कारण त्याला खरं माहीत होतं. लेकीलाही. आदल्याच रविवारी आम्ही तिघांनी माझ्या घरी सुरमईचं कालवण भुरकलं होतं. पण दोघांपैकी कोणीही मला उघडं पाडलं नाही. वेट्रेसनं माझ्यासाठी वेगळी प्लेट आणि काटा आणून दिला, आणि त्या गजबजाटात मी एकटी काट्यानं वांगं खात बसले.

परतताना गाडीत मीच सुरू केलं. "अगं, उष्टं होतं ते. तुला नाही कळायचं."

"आय नो व्हॉट उष्टं इज, आई."

"मग?"

"लहानपणी माझं अर्धं खाल्लेलं सँडविच तू खायचीस. बाबांच्या ताटातलं खायचीस. सो इट वॉजन्ट दॅट."

घर येईपर्यंत ती रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली.

दोन महिन्यांनी, मंगळवारी दुपारी, फोनवर फोटो आला. कोर्टाच्या पायऱ्या, लेक पिवळ्या साडीत, शेजारी तो, आणि मध्ये तिता, लेकीच्या गालावर हात ठेवून. मी तो फोटो मोठा करकरून बघितला. मग फोन लावला.

"मला का नाही बोलावलंस?"

तिनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. रडत असावी. मग म्हणाली, "बोलावलं असतं तर तू आली असतीस, आई. हसली असतीस. आणि काहीतरी खोटं बोलली असतीस. आय डिडंट वाँट दॅट. नॉट दॅट डे."

ओरडावंसं वाटत होतं, की मी चुकले गं, मला मुलगी हवी आहे, तोही हवा आहे, ती बाईसुद्धा हवी आहे.

"छे गं," मी म्हणाले, "मला मुळीच वाईट वाटलं नाही."

"ओके, आई," ती म्हणाली.