कोपरा फाटलेलं पत्र घेऊन हॅमिल्टनला

हॅमिल्टनला जायचं ठरलं ते माझ्या तोंडामुळे. तिथल्या मराठी लोकांनी हॉलमध्ये जुन्या पत्रांचा कार्यक्रम ठेवलेला. मी मुलाला म्हणून बसले, तुझ्या वडिलांचं लंकेचं पत्र मी वाचणार. आमचे हे हसले. म्हणाले, शाळेचं तोंड न बघितलेली बाई माझं पत्र वाचणार. झालं, मग मी पेटलेच.

हे फौजेत हवालदार होते. लंकेत तिथल्या लोकांची आपसात लढाई चाललेली, आपली फौज मध्ये गेलेली, त्यात हे. आता डोळ्यांचे पडदे गेलेत, माणूस दिसतो पण अक्षर दिसत नाही. आणि मला तर अक्षर कधी दिसलंच नव्हतं. या थंडीत इथे परदेशात, मुलाच्या माउंट रॉस्किलच्या घरात हीटरपाशी बसून मी आणि नात रेवा एकाच पुस्तकातनं बाराखडी शिकलो. ती दहा वर्षांची, मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. ती ‘ळ’ला अडायची, मी जोडाक्षराला. पत्रातली अक्षरं मुंगीएवढी, म्हणून मुलानं लायब्ररीत मोठं झेरॉक्स करून आणलं. ते फ्रिजवर चिकटवलं आणि पोळ्या लाटता लाटता मी रोज म्हणायची.

शनिवारी सकाळी आठला निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, दीड-दोन तासांचा रस्ता आहे, टोल नाही, पण उशीर केलात तर शहरातनं बाहेर पडतानाच अडकाल. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. सूनबाई म्हणाली, वाटेत सगळं मिळतं. मिळतं, पण दशमी मिळत नाही. वाटेत बॉम्बे हिल्स लागतात. टेकड्या, गाई, कांद्याची शेतं. मुंबईसारखं काय आहे ते मला तरी दिसलं नाही. पुढे पोकेनोला आइस्क्रीम फार प्रसिद्ध. एका कोनात तिघांचं भागेल एवढा ढीग देतात. सकाळी नऊला आइस्क्रीम खाणारी मी आमच्या घराण्यातली पहिलीच असेन.

नदीच्या बाजूनं पुढे गेलं की रांगिरिरी लागतं. इथे थांबाच, तिकीट नाही. जुन्या लढाईची जागा आहे. इथले मूळचे माओरी लोक आणि गोऱ्यांची सरकारी फौज, दोन्हीकडचे याच मातीवर पडले. आता गवत उगवलेले बांध आणि चर राहिलेत. हे काठी टेकत चरापाशी गेले, काठीनं खोली मापली आणि म्हणाले, "मन लावून खणलंय." मग वाकून गवतावरनं हात फिरवला. शेवटी म्हणाले, इथनंपण कुणीतरी घरी लिहिलं असेल, मी खुशाल आहे.

आमच्या घरी ते ‘खुशाल’ कसं आलं ते सांगते. आमच्याकडे मयताचं पत्र पाठवताना त्याचा कोपरा फाडायची रीत. पत्र हातात पडताच कळावं म्हणून. तर ह्यांचं पत्र आलं ते कोपरा फाटलेलं. मामंजी शेतात, घरात मी आणि आत्याबाई, माझ्या सासू, दोघींना अक्षर येत नाही. आत्याबाईंनी जो टाहो फोडला, अख्खी आळी गोळा झाली. कुणीतरी माझा हात धरला, बांगड्या उतरवायला. मी म्हटलं, आधी वाचा. शाळेतनं गुरुजी पळत आले, मामंजी आले, आणि गुरुजींनी वाचलं, मी खुशाल आहे. कोपरा टपालात फाटला होता, दुसरं काही नाही. आत्याबाईंनी रडता रडता शिरा केला. मी मात्र ठरवलं होतं, वाचायला शिकायचं. ते शिकले आत्ता.

हे सगळं रेवाला सांगत गाडीत बसले, पिशवी चाचपली, आणि लक्षात आलं की झेरॉक्स फ्रिजवरच राहिलं. पिशवीत नुसतं खरं पत्र. मुंगीएवढं. मुलगा म्हणाला, आई, मी वाचतो. मी म्हटलं, तू गाडी चालव.

हॉलमध्ये चाळीसेक माणसं. हे पहिल्या रांगेत, हातात काठी. मी कुणाचं तरी भिंग मागून घेतलं, रेवाला ते धरायला सांगितलं आणि सुरू केलं. तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. पाऊस फार आहे. पुढे लिहिलेलं, "आज एका गावातून गेलो. दारात रांगोळी आहे, घरात माणूस नाही. आपल्यासारखीच रांगोळी, ठिपक्यांची. मी बूट बाजूनं टाकत गेलो." इथे मी अडखळले, पण थांबले नाही. आईस नमस्कार, संपलं. लोक टाळ्या वाजवायला लागले.

तेवढ्यात रेवा म्हणाली, "आजी, टर्न इट. देअर्स मोर."

पत्राच्या कडेला, उभी, बारीक ओळ. झेरॉक्समध्ये ती कड कापली गेली होती. मी पत्र आडवं केलं. ही काही पाठ नव्हती, एकेक अक्षर जोडत गेले.

"तिला गुरुजींकडे बसवा. वाचायला येऊ द्या. तिला जे सांगायचं ते तिनं स्वतः लिहावं. मी वाट बघतो."

त्या दिवशी ही ओळ कुणी वाचलीच नव्हती. गुरुजींनी गाळली की मामंजींनी खूण केली, देव जाणे. दोघंही आता नाहीत. मी ह्यांच्याकडे बघितलं.

हे म्हणाले, "मला वाटलं, तुलाच नको होतं."

मी म्हटलं, "मला कुणी सांगितलंच नाही." आणि मग हॉलभर ज्या टाळ्या पडल्या! रेवा तर खुर्चीवर उभी. जेवणात मसालेभात आणि जिलबी, मी तीन जिलब्या खाल्ल्या, कुणी अडवलं नाही. दुपारी हॅमिल्टनच्या बागा बघितल्या. आतल्या बागांना बाहेरच्यांना तिकीट आहे, आधी चौकशी करून जा. फुलं सुंदर आहेत म्हणतात. माझं लक्ष नव्हतं. ह्यांनी सगळ्यांसमोर माझा हात धरला होता, फौजेतनं आल्यापासून पहिल्यांदा.

घरी आले आणि दुसऱ्या दिवशी वही घेऊन बसले. दोन दिवस लागले एका पानाला. पाकिटावर ह्यांचं नाव घालायची वेळ आली. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, एरवी कधी उच्चारलं नाही. पण लिहिलं. कुठलं, ते इथे सांगत नाही. खाली रेवानं इंग्रजीत पत्ता घातला, डेअरीतनं, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानातनं, तिकीट आणलं आणि पाकीट कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं.

चार दिवसांनी आमच्याच दारात आलं. हे फाटकाजवळच्या पेटीतनं ते घेऊन आले, माझ्यासमोर बसले. आधी बोटांनी पाकिटाचे चारही कोपरे चाचपले.

"शाबूत आहेत," म्हणाले. "वाच आता."